सोनकांबळे मॅडमचा राग

सोनकांबळे मॅडम मीटिंगला खुर्च्या ठेवू देत नसत. लातूरच्या एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीत मी नुकतीच रुजू झाले होते. शेतकरी-सेवा विभागाच्या पहिल्याच मीटिंगला त्यांनी आम्हाला सतरंजीवर एका ओळीत बसवलं, खो-खोत बसवतात तसं. एकाचं तोंड खिडकीकडं, शेजारच्याचं भिंतीकडं, त्याच्या पुढच्याचं पुन्हा खिडकीकडं. मग म्हणाल्या, "आता शेजारच्याला काय चांगलं येतं ते सांगायचं. वळून बघायचं न्हाई. समोर तोंड दिसलं की माणूस गोड बोलतो. भिंतीकडं बघून बोलला की खरं निघतं."

माझ्या शेजारी गंगाधर होता. देगलूर तालुक्यातला, माझ्याहून थोडा मोठा, लग्न झालेला, अंगानं किरकोळ. आमची चार दिवसांची ओळख. मी म्हटलं, "चांगला माणूस आहे."

मॅडम कडाडल्या. "चांगला म्हंजे काय गं? आंबा हाय का? काय करतो ते सांग!"

माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण मग आठवलं ते मी भिंतीकडं बघत सांगून टाकलं. आदल्या दिवशी एक शेतकरी फोनवर आईबहिणीवरून शिव्या देत होता. गंगाधरनं फोन घेतला आणि नुसता हूं हूं करत राहिला. शेवटी त्या माणसानं त्याला आपल्या म्हशीचं दुखणं सांगितलं आणि फोन ठेवताना जेवलास का म्हणून विचारलं.

"हां," मॅडम म्हणाल्या, "आता बोललीस. गंगाधर, कळलं का तुला काय येतं ते? तुला ऐकायला येतं. बाकीच्यांना नुसते कान हायत."

मग गंगाधरनं माझ्याबद्दल सांगितलं, की ताईंना प्रश्न लई पडतात आणि त्या तोंडावर विचारतात. अहमदपूरला आमच्या घरी ह्याच सवयीपायी मी लहानपणापासून बोलणी खाल्ली होती. मॅडमनी मात्र त्याच मीटिंगमध्ये मला वावरात पाठवायचं ठरवलं. म्हणाल्या, "जा, मातीला विचार, बियाला विचार. नको तिथं तर मुद्दाम विचार."

हे मी शांत डोक्यानं लिहीत नाहीये, ते आधीच सांगते. त्या कंपनीच्या दालनात आज मॅडमचा हसरा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, 'मायाळू मार्गदर्शक'. मॅडम मायाळू होत्या की नव्हत्या ते मला विचारा. वापरलेलं पाणी टाकून द्यावं तसं ज्यांनी त्यांना बाहेर घातलं, त्यांनी ते सांगायचं काम नाही.

मॅडम मूळच्या उदगीरच्या. वडील रेल्वेत गँगमन होते. बौद्ध वस्तीतल्या त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्या खो-खो शिकल्या आणि पुढं जिल्ह्याकडून खेळल्या. हनुवटीवर खांबावर सूर मारताना फुटल्याची खूण होती. पुढं एका विनाअनुदानित शाळेत खेळाच्या बाई झाल्या. शाळेनं खेळाचा तास बंद करून तिथं गणिताचा जादा तास घातला, तेव्हा ह्यांनी संस्थाचालकांच्या दारात पोरींचा सामना लावला आणि नोकरी घालवली. लातूरला कंपनीत आल्या त्या अशा, आणि बियाण्याच्या तक्रारी निस्तरत विभागप्रमुख झाल्या. सुती साडी, तिच्याखाली खेळाचे बूट, आणि आवाज असा की गोदामातल्या हमालांनाही वरच्या मजल्यावरचं भांडण नीट ऐकू जाई.

त्यांचा राग हा मोठा व्यवहारी राग होता. चूक झाली म्हणून त्या कधी चिडल्याचं मला आठवत नाही. पण कुणी "मला जमत नाही" म्हटलं, की चिडत. त्याहून जास्त चिडत ते कुणी "मी एकटा करतो" म्हटलं की. "खो पाठीमागनं मिळतो," म्हणत, "आणि मिळाला की उठावंच लागतं. तू एकटाच पळून राहिलास तर बाकीचे काय पाटावर जेवायला बसलेत?"

आमची कामाची पद्धत त्यांनी ह्याच हिशेबानं लावली होती. बियाणं उगवलं नाही अशी तक्रार आली, की गंगाधर पहिल्यांदा जाऊन शेतकऱ्यापाशी बसायचा. तो मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही बोलायचा आणि तिन्ही भाषांत गप्प बसायचा. माणूस मोकळा झाला, की मी पेरणीच्या ओळी, म्हणजे तास, उकरून बी बाहेर काढून बघायची. पेरणी खोल पडली का, ओल कमी होती का, की बी मुळात मेलेलंच आहे. उरलेलं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, मोड किती येतात ते बघायची. आणि बी आमचंच खराब निघालं, की मॅडम ऑफिसात जाऊन भांडायच्या. बदली बियाणं घेतल्याशिवाय त्या केबिनमधून उठत नसत. पहिल्या हंगामात असं आम्ही गावोगाव बियाणं बदलून दिलं. पेरणीचे दिवस हातचे जायच्या आत शेतकऱ्याच्या घरात दुसरी बॅग पोचायची. मला वाटायचं, नोकरी म्हणतात ती हीच.

आता मालकांविषयी. त्यांना सगळ्यांनी दादा म्हणायचं असा नियम होता, कारण कंपनी म्हणजे कुटुंब. दारातून आत शिरलं की समोर मोठ्या अक्षरात, 'आधी माणूस, मग काम'. महिन्याच्या शेवटी सगळ्यांच्या वाढदिवसांचा मिळून एक केक. टेबल-टेनिसचं टेबल होतं, त्यावर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या रचून ठेवलेल्या असत. दादा वाईट बोलत नसत कुणाशी. आवाज चढवत नसत. रजा मागितली तर आईची तब्येत विचारत, आणि रजा देत नसत.

एका वर्षी नांदेडच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर झालं. पुण्याहून एक प्रशिक्षक आणले होते. माणसाच्या उणिवांकडं बघू नका, त्याची बलस्थानं ओळखा आणि त्याला त्याच कामाला लावा, असं ते सांगत होते. आमच्या मॅडम सतरंजीवर बसवून हेच करून घेत होत्या, म्हणून मला बरं वाटलं. मग प्रत्येकाकडून मोबाइलवर प्रश्न सोडवून घेतले आणि छातीवर लावायला बिल्ले दिले. गंगाधरला 'मनं जिंकणारा' असा बिल्ला आला. मला 'जिज्ञासू'. मॅडमना 'सौम्य संवादक'. सगळा हॉल खाली माना घालून, हसू दाबत गदगदत होता. मॅडमनी बिल्ला काढला, हॉटेलच्या पाण्याच्या फिल्टरला लावला आणि म्हणाल्या, "ह्याला शोभतो."

पण जेवणाच्या वेळी त्या हसत नव्हत्या. ताट हातात घेऊन प्रशिक्षकांपाशी गेल्या आणि विचारलं, "सर, हे बल कुनाचं? त्याचं का मालकाचं?" ते म्हणाले, दोघांचंही, म्हणजे सर्वांचाच विजय. मॅडम परत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, "ह्या बाबाला खेळताना कधी लागलं न्हाई वाटतं."

त्यांना जे दिसलं होतं ते आम्हाला पुढच्या हंगामात कळलं. दादांच्या ध्यानात आलं होतं, की गंगाधर जिथं जाऊन बसतो तिथली तक्रार तालुक्याच्या कृषी कार्यालयात जातच नाही. माणूस निवतो. मग त्याच्यामागून वावर उकरणारी बाई कशाला आणि केबिनमध्ये भांडणारी बाई तरी कशाला? गंगाधर एकटा पुरे. त्याला आमच्यातून काढून वेगळं केलं, मोटरसायकल दिली, पदाचं नाव वाढवलं, आणि जिथं बी उगवलं नाही तिथं पाठवायला सुरुवात केली. त्यानं फक्त जायचं, ऐकायचं, आणि निघताना 'पेरणी जरा खोल झाली मामा' एवढं म्हणायचं. त्याच्या तोंडून ते लोकांना पटायचं. बदली बियाणं बंद झालं. मला लातुरात बसवून पत्रकं लिहायला लावली.

ह्याच्यासारखी नीच गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही. माणसाला जे निसर्गानं दिलंय, ज्याच्या जोरावर शेजारीपाजारी त्याच्यावर जीव टाकतात, नेमकं तेच काढून घेऊन त्याच शेजाऱ्यांवर वापरायचं. आणि वर त्याला प्रगती म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या. गंगाधर वाळत चालला. ऑफिसात आला की जिन्यात बसायचा. मी एकदा विचारलं, काय रे? तर म्हणाला, "ताई, लोकं पानी देतेत, चहा देतेत. मला गिळवंना झालंय."

मॅडमनी दादांकडं किती फेऱ्या मारल्या ते मी बघितलंय. दर वेळी दादा एकच सांगत, की तो त्याच्या बलस्थानावर काम करतोय, मॅडम, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. मॅडमचं तोंड हे वाक्य ऐकून पांढरं पडायचं. आपलंच शिकवणं आपल्यावर उलटवलेलं ऐकणं म्हणजे काय, ते मला त्या तोंडावर दिसलं.

मग तो जुलै आला. सोयाबीनचं एक वाण आख्ख्या सीमेच्या पट्ट्यात उगवलं नाही, आणि त्यात गंगाधरचं स्वतःचं गाव होतं. त्याच्या चुलत्यांनी, नागोराव काकांनी, पुतण्याची कंपनी म्हणून गावभर तेच बियाणं घ्यायला लावलं होतं. गावानं तालुक्याला तक्रार करायचं ठरवलं. दादांनी आम्हाला बोलावलं. कुठली म्हणून सक्ती नाही, अगदी प्रेमानं म्हणाले, "गंगाधर, तुझंच गाव. तू गेलास की झालं. तुझ्याइतकं तिथं लोक कुणाचं ऐकणार?"

गंगाधर गेला तर आयुष्यभर त्या गावात मान वर करता येणार नव्हती. नाही म्हटलं तर नोकरी, आणि घरात शाळेत जाणारी दोन लेकरं. दादांना हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

"न्हाई जानार तो," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्याला बोलू द्या."

"त्यानं बोलायचं न्हाई म्हनूनच मी बोलून राहिले. पोराला त्याच्याच चुलत्याच्या अंगावर सोडता? इज्जत हाय का न्हाई काही? कुटुंब म्हनता, असं कुन्या घरात करतेत?"

दादा हसले आणि पाण्याचा ग्लास त्यांच्याकडं सरकवला. "मॅडम, तुम्ही थोडा श्वास घ्या."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कंपनीची जीप काढली आणि आम्हा दोघांना घेऊन देगलूरकडं निघाल्या. मी वाटेत गोणपाट आणि खुरपं घेतलं. मारुतीच्या पाराशी गाव जमलं होतं. मी आधी तीन-चार वावरांत जाऊन तास उकरले. बी वरच्या ओलीत नीट पडलेलं होतं आणि कुजून पिठासारखं झालं होतं. काकांच्या घरचं उरलेलं बी त्यांच्या सुनेनं आधीच ओल्या पोत्यात घालून ठेवलं होतं. पोतं उलगडून दाखवलं, तर मोड शोधावे लागत होते. मी येऊन मॅडमना हळूच सांगितलं.

नागोराव काका पुतण्याकडं बघत होते. "एंदिरा गंग्या, काय रे हे," ते म्हणाले, "तू सांग. दुसऱ्या कुनाचं नको. तुझ्या तोंडातून ऐकू दे. आमचं चुकलं का?"

गंगाधरनं तोंड उघडलं. मॅडम त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणजे काकांना तो दिसेनासा झाला.

"त्यो बोलनार न्हाई. मी बोलते. मी कंपनीची साहेब हाय. बियानं आमचं मेलेलं हाय. पेरनी खोल-बिल काही न्हाई. तालुक्याला तक्रार करा, आजच करा, आनि बदली बियानं मागून घ्या. उशीर केला तर पेरायचे दिवस जातेल."

आता खरं सांगायचं तर मॅडमना लोकांना निववायची कला अजिबात नव्हती. गाव शांत व्हायच्या ऐवजी पेटलं. कुणी मॅडमच्याच अंगावर आलं, कुणी आमची जीप अडवली, एका म्हातारीनं मुठीत कुजलेलं बी घेऊन त्यांच्या बुटांवर टाकलं. आणि ह्या बाईंनी गप्प बसावं की नाही? त्याही त्यांच्यावर ओरडायला लागल्या, "माझ्यावर कशाला वरडता? वरडायचं तर तालुक्याला चला, तिथं वरडा! मी येते संगट!" आणि खरोखरच गेल्या. देगलूरच्या कृषी कार्यालयात त्यांनी कंपनीची माणूस म्हणून स्वतः सांगितलं. पोरांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. आम्ही उदगीरला पोचायच्या आत ते लातुरात सगळ्यांचं बघून झालं होतं.

गावाला बियाणं बदलून मिळालं. सगळ्यांना नाही, पण वेळेत मिळालं. गंगाधरचं गाव त्याला राहिलं.

मॅडमना मात्र कंपनीनं राहू दिलं नाही. आणि ते कसं केलं, ते आठवलं की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात. दादांनी सगळ्यांना दालनात बोलावलं. टेबलावर केक. पुण्याचे ते प्रशिक्षक पडद्यावर हजर. ते म्हणाले, मॅडम, तुमची बलस्थानं इथं पुरेपूर वापरली जात नाहीत, तुम्हाला इथं थांबवून ठेवणं हा तुमच्यावर अन्याय आहे, म्हणून तुमच्या नव्या प्रवासाला आम्ही शुभेच्छा देतो.

मॅडमनी दादांकडं बघितलं. "म्हंजे काढलं म्हना की."

"तसं नाही मॅडम, आपल्याकडं कुणाला..."

"काढलं म्हन. एकदा म्हन. एवढी लोकं जमवलीस, त्यांच्यापुढं म्हन, सोनकांबळे बाई खरं बोलली म्हनून काढली."

दादा केक कापत राहिले. मान वर केली नाही. मॅडम म्हणाल्या, "आनि हे कशाला आनलं? माझं बारसं हाय का?" आणि पिशवी उचलून निघाल्या. गंगाधर त्यांच्यामागं जिन्यापर्यंत धावला. मी येतो, म्हणाला, मीबी सोडतो. त्या त्याच्यावर खेकसल्या, "गप! लेकरांच्या फिया कोन भरनार, मी? राहा इथं. पगार घे. पर तोंड भाड्यानं देऊ नको."

वर्षभरात मीही सोडलं. आता अहमदपूरला शेतकऱ्यांच्या एका गटाचं बियाण्याचं काम बघते. मॅडम उदगीरला पोरींचा खो-खो घेत होत्या. मी जायचे अधूनमधून. मैदानावर त्यांचा आवाज आधी ऐकू यायचा, मग त्या दिसायच्या. कंपनीचा विषय मी काढला की म्हणायच्या, "मला त्या मानसाचा राग न्हाई येत गं. त्यो धंदा करतो. मला राग येतो, त्यानं माझा खेळ चोरला." थोड्या वेळानं म्हणायच्या, "त्या मानसाचाबी येतो."

मागच्या थंडीत एका सकाळी मैदानावरच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. घरासमोर पांढऱ्या साड्यांतल्या बायका वंदना म्हणत होत्या आणि भिंतीला टेकून त्यांच्या पोरी रडत होत्या. तिथंच कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, बाई फार संतापी होत्या, संतापानंच गेल्या. मी त्या माणसाला सांगितलं, की संताप करायला लावणारे सगळे ठणठणीत आहेत, त्यांचीही चौकशी करा.

आणि मग कंपनीनं शोकसभा ठेवली. मला बोलावणं आलं, कारण म्हणे एकदा जो आमचा तो कायमचा आमचा. मी गेले ते गंगाधरसाठी. दालनात फोटो, हार, उदबत्ती. दादांनी सांगितलं, की एकेकानं उठून मॅडमचं एक-एक बलस्थान सांगायचं. लोक उठले. प्रेमळ. समजूतदार. मनमिळाऊ. नवी पोरं तर मॅडमना न बघताच बोलत होती. दादांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, की दर वर्षी ज्या टीमकडं सगळ्यात कमी तक्रारी येतील तिला मॅडमच्या नावानं पुरस्कार देणार. पहिला पुरस्कार गंगाधरच्या हाताखालच्या नव्या टीमला; चषक टेबलावर तयारच होता. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या झाल्या.

"गंगाधर, ये," दादा म्हणाले. "दोन शब्द बोल. तू बोललास की सगळ्यांना बरं वाटतं."

गंगाधर उठला. माइक घेतला नाही. चषकाकडं बघितलं नाही. मला वाटलं हा रडणार.

"मॅडम मनमिळाऊ नव्हत्या," तो म्हणाला. "त्यांचं कुनाशी पटत नव्हतं. माझ्या गावात त्यांनी खरं सांगितलं, म्हनून दादा, तुमी त्यांना काढलं. ह्याच खोलीत. केक आनून काढलं. आनि तक्रारी कमी झाल्या न्हाईत. लोकं तक्रार करायला निघतेत, अन मी जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवतो. चार वर्षं ठेवून राहिलो. त्याला मॅडमचं नाव देता तुमी? त्यांचं?"

शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला. मी त्याला ओळखते त्या दिवसापासून त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. दालनातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. दादा जागेवरून उठले, त्याच्यापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या मऊ आवाजात म्हणाले, "गंगाधर, शांत हो."

गंगाधरनं तो हात खांद्यावरून काढून टाकला.

"न्हाई होत," तो म्हणाला.